सापाच्या पेटीतले पाणी



चालकांनी मला पत्र धाडले तेव्हा त्यांच्या मनात विषय वेगळा होता. कंत्राटी कामगार, नवे कामगार कायदे, यांपैकी कशावर तरी मी बोलेन असे त्यांना वाटले असावे. मी उलट टपाली कळविले की, सापाच्या पाण्याच्या भांड्याविषयी बोलावयाचे आहे. दोन दिवसांनी चिटणीसांचा दूरध्वनी आला. ‘आपले अक्षर नीट लागले नाही. संप म्हणावयाचे आहे ना?’ मी म्हटले, ‘नाही, काना आहे, अनुस्वार नाही.’ त्यावर ते काही क्षण गप्प राहिले. तरीही त्यांनी माझे नाव कार्यक्रमपत्रिकेतून काढले नाही, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

मी प्राणिशास्त्रज्ञ नव्हे. माझी शाळा आठवीत सुटली. पुढचे शिक्षण रात्रशाळेत, युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. सापाचा आणि माझा संबंध आला तो पंचावन्नाव्या वर्षी, तोही परक्या देशात.

माझा मुलगा इंग्लंडात कॉव्हेंट्री येथे नोकरीस आहे. त्याला दुसरे अपत्य झाले तेव्हा आम्ही उभयता पाच महिने तेथे जाऊन राहिलो. थोरली नात सहा वर्षांची, धाकटा नातू दोन महिन्यांचा, आणि घरातला पाचवा जीव म्हणजे बैठकीच्या खोलीत काचेच्या पेटीत ठेवलेला एक साप. मुलगा आणि सूनबाई यांनी कामाची वाटणी केली त्यात बाळ आमच्या सौभाग्यवतींकडे गेले आणि साप माझ्या वाट्यास आला. तक्रारीस जागा नव्हती, कारण बाळाला घेण्याची माझी पद्धत सर्वांनी पाहिली होती.

हा साप अमेरिकेच्या आग्नेय भागातला. त्याला कॉर्न स्नेक म्हणतात, म्हणजे मक्याचा साप. तो बिनविषारी असून चार-साडेचार फूट लांब, नारिंगी रंगाचा आणि अंगावर तांबडे पट्टे असलेला आहे. पोटाकडून पाहिला तर काळ्यापांढऱ्या चौकड्या दिसतात. मक्याच्या रंगीत कणसासारखे दिसते म्हणून हे नाव पडले असे काही जण म्हणतात. मक्याच्या कोठारात उंदरांमागे शिरतो म्हणून पडले असे दुसरे म्हणतात. नातीने त्याचे मकू असे मराठी नाव ठेवले होते. इंग्लंडात असे साप पाळणारे पुष्कळ आहेत. विषारी साप ठेवावयाचा तर १९७६ च्या कायद्याप्रमाणे परवाना लागतो. या जातीला लागत नाही. मात्र नीट सांभाळला तर हा प्राणी पंधरा-वीस वर्षे जगतो. म्हणजे घेणाऱ्याने एका मुलाच्या शिक्षणाइतका काळ अंगावर घेतलेला असतो.

माझे काम फार नव्हते. आठवड्याला एकदा बर्फातला उंदीर पाणी सोडवून द्यावयाचा, तो मुलगाच देई. आमच्या घरात त्या वेळी सौभाग्यवती माडीवर जात. मजकडे होते ते पाणी. वाडगा रोज काढावयाचा, घासावयाचा, ताजे पाणी भरून परत ठेवावयाचा आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या तारखेवर खूण करावयाची. मला वाटले, पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला हे काम म्हणजे विश्रांती.

पहिल्याच सकाळी मी वाडगा उचलला आणि स्वयंपाकघरातल्या बेसिनमध्ये, बाळाच्या दुधाच्या बाटल्या निथळत ठेवल्या होत्या त्यांच्या शेजारी, भांड्यांच्या घासणीने स्वच्छ घासला. सूनबाई जिन्यावरून उतरत होती. ती जागीच थांबली. ‘बाबा, तो वाडगा इथे नाही हो धुवायचा!’ एवढेच ती बोलली. परंतु तिचा चेहरा मी पाहिला. तिने सगळ्या बाटल्या पुन्हा उकळल्या, बेसिन जंतुनाशकाने धुतले आणि घासणी फेकून दिली.

मला मनात राग आला, हे कबूल करतो. एवढे काय झाले? संध्याकाळी मुलाने समजावून सांगितले. दिसावयास निरोगी असलेल्या सापाच्या, पालीच्या किंवा कासवाच्या आतड्यात साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. प्राण्याला त्यांचा त्रास नसतो. ते विष्ठेतून पाण्यात उतरतात, आणि साप तर पुष्कळदा पाण्यातच घाण करतो. मोठ्या माणसाला हगवण, उलट्या, ताप यांवर निभावते. लहान बाळाच्या जिवावर बेतू शकते. अमेरिकेत चार इंचांहून लहान पाठीची कासवे पाळण्यासाठी विकण्यास १९७५ साली बंदी झाली ती याच जंतूंमुळे. तेव्हा वाडगा धुण्याची जागा निराळी, घासणी निराळी, आणि नंतर हात साबणाने धुवावयाचे. पाच वर्षांच्या आतील मुलाचा अशा प्राण्याशी आणि त्याच्या भांड्याशी संबंधच येऊ द्यावयाचा नाही. हे मला कुणी आधी सांगितले नव्हते, हे खरे. पण मीही विचारले नव्हते. नव्या यंत्रावर माणूस उभा करताना धोका समजावून द्या, म्हणून मी आयुष्यभर मालकांशी भांडलो. आणि स्वतः नव्या कामावर उभा राहिलो तेव्हा धोका काय म्हणून विचारले नाही.

त्यानंतर मी तेथील वाचनालयात जाऊन पुस्तके काढली. इंग्रजी मी कायद्याच्या पुस्तकांतून शिकलो, त्यामुळे मला ते सावकाश पण पक्के कळते. पहिली गंमत अशी कळली की, साप जिभेने पाणी पीत नाही. आपण त्याची दुभंगलेली जीभ पाहतो, पण ती वास घेण्यासाठी असते. तो तोंडाचे टोक पाण्यात बुडवून स्थिर राहतो आणि जबड्याची किंचित हालचाल दिसते. तो नळीने ओढावे तसे पाणी आत ओढतो असे पुष्कळ काळ मानीत. २०१२ साली अमेरिकेतील संशोधकांनी दाखविले की, काही सापांत खालच्या जबड्यातल्या मऊ घड्या स्पंजासारखे पाणी शोषतात आणि जबडा मिटला की ते पिळून मागे घशाकडे जाते. दुसरी गोष्ट याहून विलक्षण आहे. हिंदी आणि पॅसिफिक महासागरांत पिवळ्या पोटाचा एक समुद्रसाप असतो. तो सारा जन्म समुद्रात काढतो, पण खारे पाणी पीत नाही. पाऊस पडला की गोडे पाणी काही वेळ समुद्राच्या पृष्ठभागावर तरंगते, तेवढेच तो पितो, आणि पाऊस नसेल तर महिनोन् महिने तहानलेला राहतो. हे २०१४ च्या सुमारास प्रसिद्ध झाले. चहूकडे पाणी आणि त्यात तहानलेला जीव! मला आमच्या नदीकाठच्या वसाहती आठवल्या.

रानातला साप ओढ्याकाठी जातो, दव चाटल्यासारखे टिपतो, स्वतःच्या अंगावर पडलेले थेंब पितो. पेटीतल्या सापाला एकच भांडे. त्यामुळे ते भांडे कसे आहे यावर त्याचे बरेवाईट ठरते. ते जड हवे. चिनी मातीचे किंवा तसलेच, कारण साप कडेला वेटोळे घालून अंग टाकतो आणि हलके भांडे कलंडते. ते सपाट बुडाचे हवे, कारण त्याला भांड्याखाली शिरण्याची आवड असते. माणूस न पाहता वाडगा परत टेकवतो आणि खाली साप असतो. म्हणून ठेवण्यापूर्वी हाताने चाचपावयाचे. काठाला टवका उडालेला नसावा, पोट चिरते. अंड्यातून नुकतेच निघालेले पिल्लू पेन्सिलीएवढे असते, त्याला उथळ बशी द्यावी. साप पोहतो हे खरे, पण उभ्या गुळगुळीत भिंतीच्या खोल भांड्यातून अशक्त पिल्लाला बाहेर पडता येत नाही. काही लोक कात निघावी म्हणून सापाला डब्यात पाणी घालून वर झाकण लावून ठेवतात आणि आपल्या कामाला जातात. पोहून पोहून थकलेला साप त्यात बुडून मरू शकतो. आपण डोळ्यांसमोर नसू तर असे करू नये.

पेटीचे एक टोक दिव्याने किंवा तापत्या चटईने ऊबदार ठेवतात आणि दुसरे थंड, म्हणजे साप हवे तिकडे सरकतो. वाडगा थंड टोकाला. ऊबेखाली ठेवला तर पाणी लवकर आटते, जंतू वाढतात आणि पेटीत दमटपणा साचतो. वाडगा आठवड्यातून एकदा जंतुनाशकाने धुवावा, पण आपले काळे फिनेल वापरू नये. त्या जातीची द्रव्ये सापाला विषासमान आहेत. जे वापराल ते पूर्ण निघेपर्यंत पाण्याने धुवा.

आणि वाडगा बोलतोही. साप तासन् तास पाण्यात बसू लागला तर तो कात टाकण्याच्या बेतात असेल, किंवा पेटी फार तापली असेल, किंवा अंगावर बारीक किडी पडल्या असतील. किडी असल्या तर वाडग्याच्या तळाशी काळ्या मिरपुडीसारखे ठिपके दिसतात. त्या बुडून मेलेल्या किडी. पाणी फेकून देण्याआधी तळ पाहावयाचा तो यासाठी.

हे सारे मी वाचले, टिपून घेतले, सूनबाईला वाचूनही दाखविले. आता जे सांगतो ते यानंतरचे आहे.

आपल्याकडे पाणी देताना तांब्या काठोकाठ भरावयाचा अशी रीत आहे. अर्धा तांब्या पुढे ठेवणे हा कद्रूपणा. मी वाडगा काठोकाठ भरीत असे. मकूचे वजन सातशे ग्रॅम. आर्किमिडीजची गोष्ट मी रात्रशाळेत शिकलो होतो. मकू पाण्यात शिरला की जवळजवळ त्याच्या वजनाइतके पाणी बाहेर सांडे आणि खालच्या अंथरुणात मुरे. हे अंथरूण म्हणजे रंध्याखालून निघतो तसला लाकडाचा कीस. वरून तो लवकर वाळे, खाली ओला राही. एकदा मी तो दाबून पाहिला, हाताला पाणी लागले, कुबट वास आला. तो सारा कीस काढावयास हवा होता. मी काय केले? वरून मूठभर कोरडा कीस पसरला. मुलाला बोललो नाही. बेसिनच्या प्रसंगानंतर पुन्हा आपली चूक दाखवावी असे वाटेना.

आणखी एक. थंडी कडाक्याची पडली तेव्हा सकाळी वाडगा उचलून मागच्या दाराच्या नळावर न्यावयाचा कंटाळा येऊ लागला. पाणी वरून तर स्वच्छ दिसे. मी तपेलीने वर थोडे ओतून वाडगा पुन्हा काठोकाठ करी. दिनदर्शिकेवर खूण मात्र रोज करीत असे.

तीन आठवड्यांनी नात काचेला नाक लावून पाहत होती. ती म्हणाली, ‘आजोबा, मकूच्या पोटावर पाण्याचे फोड आहेत.’ मी पाहिले. पोटाच्या रुंद खवल्यांवर चार-पाच पारदर्शक फोड उठले होते, भाजल्यावर येतात तसे. दोन खवल्यांच्या कडा तपकिरी होऊन गळत होत्या.

मुलाने त्याच दिवशी सापांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्यांकडे नेले. मीही गेलो. वैद्य वयाने तरुण होते. त्यांनी मकूला हातावर घेतले, पोट पाहिले, आणि पहिला प्रश्न विचारला तो आजाराचा नव्हे. ‘पाण्याकडे कोण पाहते?’ मुलाने माझ्याकडे बोट दाखविले नाही. तो म्हणाला, ‘आम्ही.’ मग म्हणाला, ‘रोज बदलतो, खुणा आहेत.’

खुणा आहेत हे शब्द ऐकले आणि मला तीस वर्षांपूर्वीची एक टाकी आठवली. मी तेव्हा संघटनेत नवा होतो. एका कारखान्यात कामगारांना पोटाचे विकार होत होते. पिण्याच्या पाण्याची टाकी मुतारीच्या भिंतीला लागून होती. त्या वेळच्या १९४८ च्या कारखाने कायद्यात अठरावे कलम पिण्याच्या पाण्याचे होते: पाणी पुरेसे व आरोग्याला योग्य असावे, तेथे बहुसंख्य कामगारांना समजेल त्या भाषेत ‘पिण्याचे पाणी’ असे लिहिलेले असावे, खास मंजुरीवाचून ते मुतारी, संडास किंवा सांडपाण्याच्या उघड्या गटारापासून सहा मीटरच्या आत नसावे. अडीचशेहून अधिक कामगार असतील तर उन्हाळ्यात गार पाण्याची सोय. ते कलम मी पाठ केले होते. आम्ही गेलो तेव्हा व्यवस्थापकांनी एक वही पुढे केली. दर शनिवारी ‘टाकी धुतली’ आणि खाली सही. वर्षभराच्या बावन्न सह्या, साऱ्या एकाच शाईच्या, एकाच दमात केलेल्या. आम्ही टाकीचे झाकण उघडले. आत काय होते ते या सभेत सांगत नाही. मी त्या वहीवर पुढे वीस वर्षे गेटसभांतून भाषणे केली. लोक हसत, टाळ्या देत.

त्या वैद्यांच्या खोलीत माझी वही माझ्यापुढे होती. फरक एवढाच की, टाकीवरच्या माणसांना तोंड होते. ते माझ्याकडे आले, मागणीपत्र निघाले, तीन दिवस काम बंद राहिले आणि टाकी हलली. मकूकडे ना आवाज, ना पापणी, ना दार. त्याला भांडे होते, भांड्यात पाणीही होते, आणि त्याच पाण्याने त्याचे पोट नासले.

मी तेथेच वैद्यांना सारे सांगितले: काठोकाठ भरणे, ओला कीस, वरचा कोरडा थर, वरून ओतलेले पाणी, खोट्या खुणा. माझ्या इंग्रजीला ते जड गेले, पण सांगितले. मुलगा खाली पाहत होता. वैद्य रागावले नाहीत. त्यांनी पेटी रिकामी करून साधा कागद अंथरावयास सांगितले, तो ओला दिसला की लगेच बदलावयाचा. औषध लावावयास दिले, इंजेक्शने दिली, आणि वाडगा निम्म्यापर्यंतच भरा म्हणाले. घरी येताना गाडीत मुलगा एकच वाक्य बोलला, ‘बाबा, सांगायचं होतंत.’ मी कामगारांच्या मुलांना हेच वाक्य कितीदा म्हटले असेल!

पुढचे दोन महिने मी तो कागद दिवसातून दोनदा पाहत असे. पहिली कात तुकड्यातुकड्यांनी निघाली. दुसरी अखंड निघाली, नाकापासून शेपटीपर्यंत, डोळ्यांवरच्या चकत्यांसह, आणि पोटाचे खवले जवळजवळ पूर्ववत दिसले. एका जागी वण राहिला आहे.

इंग्लंड आणि वेल्समध्ये २००६ चा प्राणिकल्याण कायदा आहे. प्राणी बाळगणाऱ्यावर त्यात पाच गरजा भागविण्याची जबाबदारी टाकली आहे: राहण्याची योग्य जागा, योग्य आहार, स्वभावाप्रमाणे वागण्याची मोकळीक, जातभाईंबरोबर किंवा त्यांच्यापासून दूर राहणे, आणि वेदना व रोग यांपासून बचाव. मी तो वाचला तेव्हा मागणीपत्र वाचतो आहे असे वाटले. फक्त मागणारे गैरहजर.

आता आपल्याकडचे. परत आल्यावर मला दोघा-तिघा तरुणांनी विचारले की, आम्ही साप पाळावा काय? नाग, घोणस, धामण, अजगर हे आपले साप घरात ठेवणे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, आणि तो योग्य आहे. शहरांतून हल्ली बॉल पायथनसारखे परदेशी साप विकले जातात. आंतरराष्ट्रीय करारातील यादीत असलेल्या अशा प्राण्यांची नोंद २०२४ च्या नियमांप्रमाणे करावी लागते. नोंद करा, पण त्याआधी पंधरा-वीस वर्षे रोज वाडगा धुवावयाची तयारी आहे का ते पाहा. मजसारखा वडीलधारा पाहुणा आला तर त्याच्यावर सोपवू नका.

आणि नागपंचमीच्या दुधाविषयी बोलल्यावाचून राहवत नाही. लहानपणी आमच्या चाळीत गारुडी येई. टोपली उघडे, वाटीत दूध ओती, नाग तोंड बुडवून पिऊ लागे आणि आम्ही हात जोडीत असू. माझी आई घरातले असेल नसेल ते दूध देई. दुधाशी सापाची जन्मात गाठ नसते. ते त्याला पचत नाही. मग तो पीत का होता? त्याला सणाआधी कित्येक दिवस पाण्याचा थेंब दिलेला नसे म्हणून. त्या वेळी पुढे जे ओले येईल ते तो पिणार. आईने भक्तीने दिले, गारुड्याने पोटासाठी केले. मी दोघांनाही दोष देत नाही. गारुड्याला दुसरा धंदा कुणी दिला नाही, ही वेगळी आणि मोठी गोष्ट आहे. परंतु टोपलीत पाण्याची वाटी का नाही, हे विचारण्याचे त्या साऱ्या चाळीत कुणाला सुचले नाही, आणि पुढे पाण्याच्या टाकीसाठी तीन दिवस काम बंद ठेवणारा मुलगा त्या घोळक्यात पुढेच उभा होता.

आम्ही परतलो त्यास आता वर्ष झाले. दर रविवारी नात दूरध्वनीवर दिसते. आधी भावाचे दात दाखविते, मग दूरध्वनी काचेपाशी नेते. वाडगा तिचे वडील भरतात. तिचे काम पाहण्याचे आहे. गेल्या रविवारी म्हणाली, ‘आजोबा, अर्ध्याच्या वर दोन बोटं आहे. बाबांना सांगू?’ मी म्हटले, ‘सांग, आत्ताच सांग.’